स्तेर्ना दुरुस्ती, तिनोस बेट, ग्रीस: २०२५च्या नोंदी

काम: घराखालची पावसाच्या पाण्याची टाकी (इथे तिला स्तेर्ना म्हणतात) पुन्हा पाणी धरेल अशी करणे. सोबत गच्ची, पन्हळ आणि मागचा पडलेला बांध.
मुदत: हिवाळ्यातल्या पहिल्या पावसाआधी.
माणसं: एक.

२७ फेब्रुवारी, राफिना (अथेन्सजवळचं बंदर)

उद्याची बोट सुटणार नाही. तिकीट खिडकीवरच्या मुलीने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं वेळ बदलली असेल. दोन वर्षांपूर्वी २८ फेब्रुवारीलाच तेम्बी इथे प्रवासी गाडी आणि मालगाडी समोरासमोर आदळून ५७ माणसं गेली, त्यात कॉलेजची पोरं बरीच. त्यासाठी उद्या देशभर संप आहे, खलाशीही त्यात आहेत. जहाजाच्या इंजिनरूममध्ये सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला बोट बंद असल्याचा राग येत नाही. हॉटेलची एक रात्र वाढली, इतकंच.

सामान: दोन बॅगा, हत्यारांची पेटी, तीन लिटरचा कुकर, तूरडाळ, आमसुलं, मालवणी मसाला.

१ मार्च. वारा उत्तर ५ (आकडे बोफोर्ट मापाचे).

आंद्रोसला थांबून चार तासांत तिनोस. या बेटांवर बोट थांबत नाही, नुसती टेकते. रॅम्प पडतो, ट्रक, म्हाताऱ्या, गॅसच्या टाक्या सगळं एकाच वेळी उतरतं आणि चढतं, आणि तुम्ही बॅगेचं चाक सोडवेपर्यंत बोट पाठ फिरवते.

घर फालातादोसच्या वरच्या अंगाला एका गावात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. हिवाळ्यात तिथे एकवीस माणसं राहतात, मला धरून बावीस. नाव लिहिलं की सगळ्यांचाच पत्ता लागेल. घर दगडी आहे. आत मधोमध एक कमान, तिच्यावर शिस्टच्या (पापुद्र्यांनी सुटणारा दगड) लांब फरश्या, त्यावर मातीचा थर आणि वर चुना. दारावर संगमरवराची अर्धगोल जाळी, तिच्यात कोरलेलं शिडाचं जहाज. या बेटावर गोठ्याच्या दारालासुद्धा कोणीतरी संगमरवर कोरून बसवलेला दिसतो. इथली ही कारागिरी २०१५ साली युनेस्कोच्या यादीत गेली, पण गोठेवाल्याला ते माहीत असेल असं वाटत नाही.

तिनोसच का? २००३ साली आमचं जहाज शेजारच्या सिरोस बेटावर नेओरिओनच्या गोदीत चाळीस दिवस दुरुस्तीला होतं. गोदी १८६१ची. संध्याकाळी अंग धुऊन एर्मूपोलीच्या धक्क्यावर बसलं की ईशान्येला तिनोस दिसायचं, डोंगराच्या अंगावर पांढरे ठिपके. त्या चाळीस दिवसांत एकदाही गेलो नाही. लोकांना याहून मोठं कारण लागतं. लग्न केलं नाही, गेल्या वर्षी आई गेली, शेवटचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

घरमालक अथेन्सला असतो. करार दोन वर्षांचा. भाडं निम्मं, सामान त्याचं, मजुरी माझी.

३ मार्च. वारा उत्तर ६.

आज काथारा देफ्तेरा, म्हणजे 'स्वच्छ सोमवार'. आजपासून ईस्टरपर्यंत यांचा उपास. मांस, अंडी, दूध, मासे बंद. कालवं-कोळंबी मात्र चालते, रक्त नसलेल्याला सूट आहे. तिकडे गावी शिमगा तोंडावर आलाय, इकडे सोंगं संपवून लोक पतंग उडवतायत. सहाच्या वाऱ्यात पतंग उडत नाही, पळून जातो. शेजारच्या आजींनी कुंपणावरून तिळाची चपटी पोळी दिली, लागाना. वय ८१. मला त्या 'पेदी मू' म्हणतात, माझ्या लेकरा. मी छप्पन्न वर्षांचा.

रात्री वरण लावलं. सात शिट्या झाल्या तरी डाळ टणकच. नळाचं पाणी जड आहे, किटलीत आठवड्यात पांढरा थर धरेल असं.

७ मार्च. साउंडिंग (टाकीतल्या पाण्याची खोली, सेंटिमीटरमध्ये): शून्य.

टाकीची पहिली पाहणी. स्वयंपाकघरात जमिनीला दगडी झाकण, खाली काळोख. टॉर्च सोडून मापं घेतली: ३ मीटर बाय अडीच, खोली २.४. म्हणजे १८ हजार लिटर. गच्ची ६० चौरस मीटर. या भागात वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या सिंधुदुर्गात तीन हजारांच्या आसपास पडतो आणि तरी मे महिन्यात विहिरीत कळशी खरवडावी लागते. साडेतीनशे धरले तर गच्चीवर २१ हजार लिटर, उडून-झिरपून गेलेलं वजा करून सोळा-सतरा. ज्याने ही टाकी बांधली त्याने आधी गच्ची मोजली आणि मग खड्डा खणला. दिवसाला साधारण ४५ लिटर. एका माणसाला पुरेल. दोघांना नाही.

बांबूवर खुणा करून साउंडिंगची काठी केली. एक सेंटिमीटर म्हणजे ७५ लिटर. जहाजावर रोज सकाळी टाक्या मापल्या, सवय जाणार नाही, जाऊ नये.

आत उतरलो नाही. बंद टाकीत एकट्याने उतरायचं नाही हा नियम मी पोरांना ओरडून ओरडून शिकवला आहे. आधी हवा खेळवायची. ऑक्सिजन मोजायचा, २०.९ टक्के हवा. तोंडाशी एक माणूस बसवायचा, त्याने दर थोड्या वेळाने हाक मारायची आणि काहीही झालं तरी स्वतः खाली उतरायचं नाही. टाक्यांमध्ये माणसं मरतात ती बरीचशी दुसऱ्या नंबरची असतात, पहिल्याला काढायला घाईने उतरलेली.

माझ्याकडे मीटर आहे. माणूस नाही.

१० मार्च. वारा उत्तर ४. मीटर २०.८.

आजींना विचारलं. तोडकं ग्रीक, बाकी हातवारे. मी पडलो तर खाली येऊ नका, हे तीनदा सांगितलं. त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं. उतरायचा प्रश्नच नाही, मी ओरडेन, म्हणाल्या, सगळं गाव येईल. मग खुर्ची आणून तोंडाशी बसल्या, मांडीवर रानभाजीचा ढीग, निवडायला.

दर पाच मिनिटांनी वरून आवाज: "झिस?" म्हणजे जिवंत आहेस का. उत्तर: "झो." आहे. दीड तासात किती वेळा झालं मोजलं नाही. एकदा ब्रशचा आवाज थांबला तर त्यांनी पाच मिनिटं न थांबताच विचारलं.

तळात बोटभर गाळ, कबुतराची पिसं, एक घोड्याची नाल. उत्तरेच्या भिंतीला तिरकी भेग, वरच्या कोपऱ्यापासून तळापर्यंत. जुना गिलावा बाकी ठणठणीत. रंग गुलाबीसर का आहे ते कळलं नाही.

१४ मार्च. कागद.

व्हिसाचं नाव 'डिजिटल नोमॅड'. मी गोदीतल्या जहाजांचे दुरुस्ती अहवाल तपासतो, बसल्या जागी, त्यामुळे कागदोपत्री भटका. अट अशी की देशाबाहेरच्या कामातून महिना ३,५०० युरो मिळकत हवी, इथे कोणाची नोकरी करायची नाही. आता पुढच्या दोन वर्षांच्या परवान्याचा अर्ज.

एका कचेरीने दोनदा परत पाठवलं. इथल्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांचं नाव आणि आईचं नाव वेगवेगळ्या रकान्यात लागतं. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव माझ्याच नावात मधे बसलेलं. बाई म्हणाल्या, मग हे तुमचं दुसरं नाव की वडिलांचं? दोन्ही, म्हटलं. हे उत्तर रकान्यात मावत नाही.

शिवाय 'ने' म्हणजे हो. सत्तावीस वर्षं ग्रीक कॅप्टनांबरोबर काढून हे मला माहीत होतं, पण जीभ ऐकत नाही. आणि 'नाही' म्हणायला हे लोक मान हलवत नाहीत, भुवया उचलून मान जराशी वर करतात. हार्डवेअरवाल्याने आणखी सिमेंट हवं का विचारलं, मी मराठीत मान हलवत 'ने, ने' म्हटलं. दोन पोती जास्त आली.

२९ मार्च

जास्तीचं सिमेंट आहेच, म्हणून भेग छिन्नीने उघडली, वॉटरप्रूफिंगची पावडर मिसळून भरली, वर दोन हात गिलावा. आठ तास, मधे जेवण. आजी तोंडाशी. काम सुबक दिसतंय. फोटो घरमालकाला पाठवला.

२० एप्रिल

ईस्टर. काल मध्यरात्री गावच्या देवळाबाहेर सगळे हातात मेणबत्त्या घेऊन उभे. या बेटावर कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दोन्ही गावं आहेत. व्हेनिसची सत्ता इथे १७१५ पर्यंत टिकली, आसपासच्या बेटांवर सगळ्यांत शेवटपर्यंत. यंदा दोघांचा ईस्टर एकाच दिवशी आला, त्यामुळे डोंगरभर एकदम घंटा. आजींनी लाल अंडं दिलं, माझ्या अंड्यावर त्यांचं आपटलं, माझं फुटलं.

२८ एप्रिल. साउंडिंग: ५० वरून ४१.

नळाने ५० सेंटिमीटर भरून ठेवली होती. दोन दिवसांत ९ गेले. पावणेसातशे लिटर पाणी जमिनीत.

५ मे. वारा दक्षिण ३, धुरकट.

बाजूच्या गावातले मास्तोरास आले. सत्तरी ओलांडलेले, चुन्याचं आणि कोरड्या बांधाचं काम करणारे. मास्तोरास म्हणजे आपला मेस्त्री. शब्दसुद्धा लांबचे भाऊ आहेत, लॅटिनच्या एकाच मास्तरापासून, आपल्याकडे पोर्तुगिजांच्या बोटीतून उतरलेला.

खाली उतरून त्यांनी हातोडीचा दांडा भिंतीवर टकटकवला. जुना गिलावा: टण. माझा गिलावा: भद, भद, भद. सिमेंटच्या दोन्ही कडांना केसाएवढी नवी भेग होती. जुनी एक होती, मी तिच्या दोन केल्या. घराचा दगड थंडी-उन्हात हलतो, चुना त्याच्याबरोबर हलतो, सिमेंट हट्टाने तिथेच उभं राहतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. इंजिनाच्या जोडाला मी असली पट्टी कधीच मारली नसती, गॅस्केट मऊच लागतो. घर म्हटल्यावर अक्कल जमिनीवर ठेवली.

मास्तोरासनी मान वर केली. म्हणजे नाही. सगळं काढायचं.

त्या गुलाबी रंगाचं कोडंही सुटलं. चुन्यात कुटलेल्या कौलांची भुकटी. याला ते कुरासानी म्हणतात, खोरासानचा शब्द, तुर्कांच्या मागोमाग आलेला. मी म्हटलं, सुरखी! त्यांना शब्द कळला नाही, पण मी चिमूट बोटात चोळून दाखवली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आमच्या गावच्या देवळाची तळी याच मालाची आहे. लहानपणी तिच्या काठावर बसून आम्ही तो गुलाबी थर नखाने खरवडायचो आणि शिव्या खायचो.

१२ ते २३ मे

सिमेंट काढणं. लावायला एक दिवस लागला होता, काढायला नऊ. आजींच्या मांडीवर आता आर्टिचोक, त्याची बाहेरची काटेरी पानं काढून लिंबाच्या पाण्यात टाकतात. हे तिनोसचं नावाजलेलं पीक आणि मेमध्ये सगळं बेट तेच खातं. "झिस?" "झो." मधेच एकदा त्या नुसत्याच गप्प बसल्या, मी खालून विचारलं, "झिस?" वरून हसण्याचा आवाज.

२ जून. वारा उत्तर ५. मागचा बांध.

टाकीला आता गच्च कोरडं व्हायला वेळ द्यायचा, तोवर बांध.

घरामागचा डोंगर पूर्ण पायऱ्यापायऱ्यांचा. एकेका पायरीला पेझूला म्हणतात. पूर्वी जव आणि द्राक्षं होती, आता काटेरी झुडपं आणि शेळ्या. प्रत्येक पायरी धरून ठेवणारा कोरडा दगडी बांध, ना चुना ना माती. माझ्या मागचा चार मीटर लांबीचा तुकडा कोसळून दगड परड्यात पसरलेत. २०१८ साली युनेस्कोने कोरड्या दगडी बांधकामाची विद्या यादीत घेतली, ग्रीस आणि आणखी सात देशांच्या नावाने, क्रोएशियापासून स्पेनपर्यंत. आमच्या कोकणातला गडगा कोणाच्या यादीत नाही. पण दगडाला काय, काम तेच.

फरक आहे तो दगडात. जांभा हातात घेतला की खडबडीत, एकमेकाला धरून बसतो, थोडं चुकलं तरी सांभाळून घेतो. हा शिस्ट फरशीसारखा सुटतो, गुळगुळीत, चुकलात की घसरतो. शिवाय अधूनमधून संगमरवराचे गोटे, ते दिसायला देखणे आणि कामाला नालायक.

मास्तोरासनी पहिला अर्धा दिवस एकही दगड ठेवू दिला नाही. पसरलेले सगळे दगड आधी वेगळे करायला लावले. मोठे पायाला. लांब असतील ते बाजूला, ते आरपार जाणार, शेपूट मातीत आणि तोंड बाहेर, मीटरभराला एक तरी. सपाट ते माथ्यावर. आणि मुठीएवढ्या कपच्यांचा वेगळा ढीग, तो सगळ्यांत मोठा हवा. मी तो सगळ्यांत लहान केला होता.

दुपारी पाया. कठीण लागेपर्यंत खणून पहिला थर आतल्या बाजूला कलता. दगड उचलला की तो तिथेच लावायचा, परत खाली ठेवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मी एक दगड पाच वेळा फिरवून पाहिला, बसेना, खाली ठेवला. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने तोच दगड त्यांनी उचलला, अर्धा फेरा दिला आणि ठेवला. मी फक्त चार बाजू पाहिल्या होत्या, त्याला सहा होत्या.

सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही हे आपले गवंडीही सांगतात. नवीन शिकलो ते पोटातलं. बाहेरून दिसणाऱ्या दगडांमागे कपच्या हाताने एकेक बसवायच्या, फावड्याने लोटायच्या नाहीत. लोटलेल्या कपच्या पावसात खाली बसतात आणि पोट पुढे येतं. बांध पडतो तो पाण्याने नाही, पाणी अडल्याने.

संध्याकाळपर्यंत दोन हात लांब, गुडघ्याएवढा. त्यातला माझा भाग ओळखू येतो.

२१ जून

बांध पूर्ण. १५ दिवस, त्यातले ४ दिवस मास्तोरास सोबत होते. वर उभा राहून उडी मारून पाहिली. हलला नाही. आजींच्या शेळीनेही तपासून घेतला.

८ ते १९ जुलै. वारा उत्तर ७, रोज.

मेल्तेमी सुरू. उत्तरेचा कोरडा वारा, जुलै-ऑगस्टभर, आकाश मात्र निळं. वाळत घातलेली चादर दोरीवरून सुटली ती तीन पेझूला खाली सापडली. गच्चीचं काम बंद, पण टाकीच्या आत वारा नाही, उलट गारवा. सुरखीला हेच हवं, सावकाश वाळणं.

माल: सहा महिने मुरलेला चुना मास्तोरासच्या खड्ड्यातला, लोण्यासारखा. कळीचा चुना आणून इथे विरवायचा माझा बेत त्यांनी मान वर करून निकालात काढला. जुनी कौलं मी कुटली, आजींच्या पिठाच्या जुन्या चाळणीने चाळली. आणि दोन घमेली सांतोरिनीची माती. ही ज्वालामुखीची राख चुन्याबरोबर पाण्याखालीही घट्ट होते. सुएझ कालव्याच्या बांधकामाला ती बोटी भरून गेली, कालवा १८६९ला उघडला. मी सुएझमधून किती वेळा गेलो असेन, काठावरच्या दगडांकडे तोंड करून चहा प्यायलो असेन. आता सांतोरिनीला ती खणत नाहीत, मास्तोरासकडे जुन्या पोत्यांत राहिली होती. त्याच बेटाला यंदा फेब्रुवारीत भूकंपांची माळ लागली होती, हजारो लोक बोटीने निघून गेले. दुकानात अजून तोच विषय.

तीन थर. पहिला खडबडीत, फेकून मारलेला. दुसरा थापीने. तिसरा करंगळीच्या नखाएवढा पातळ, आणि मग घोटाई. समुद्रातला गुळगुळीत गोटा मुठीत धरून ओल्या गिलाव्यावर गोल गोल, दाबून. आधी गोट्याखाली खरखर येते. मग ती कमी कमी होत जाते आणि एका क्षणी आवाज बदलतो, काचेवर बोट फिरवल्यासारखा. तो आला की पुढे सरकायचं. रोज चार हात जागा होते. घोटताना भिंत टॉर्चच्या उजेडात अंड्याच्या कवचासारखी चमकायला लागते, आणि माणूस थांबत नाही. एकदा दोन तास उलटून गेले. आजींचा आवाज बसला होता हाका मारून.

हातमोजे असूनही चुन्याने बोटांची टोकं खाल्ली. तीन दिवस फोन बोट ओळखत नव्हता, अहवाल उशिरा गेला. आजींनी ऑलिव्हच्या तेलात फडकं बुडवून बांधलं, बांधताना बडबडत होत्या, त्यातलं निम्मं कळलं. जे कळलं त्यात माझ्या अकलेचा उल्लेख होता.

पहिल्या पानावर 'माणसं: एक' लिहिलंय. दुरुस्त करायला हवं.

१५ ऑगस्ट. वारा उत्तर ६.

काम बंद. आजींना गावातून बसने खाली बंदरावर नेलं. त्या म्हणाल्या तू मला नेतोयस, मला वाटतं त्या मला नेत होत्या.

आज मरियमेचा सण आणि तिनोस म्हणजे यांचं पंढरपूर. मला तरी दुसरा शब्द सुचत नाही. १८२२ मध्ये इथल्या मठातल्या पेलागिया नावाच्या जोगिणीला स्वप्नात दृष्टांत झाले, शेतात खणा म्हणून. ३० जानेवारी १८२३ला मरियमेचं चित्र सापडलं, त्यावर हे एवान्गेलिस्त्रियाचं देऊळ. बंदरापासून देवळापर्यंत चढाचा सरळ रस्ता, त्याच्या कडेला गालिच्याची पट्टी अंथरलेली. त्यावरून लोक गुडघ्यांवर रांगत वर जातात. नवस फेडायला. नवसाला इथे 'तामा' म्हणतात. एक तरुण बाई पाठीवर मूल घेऊन रांगत होती, नवरा बाजूने पाण्याची बाटली धरून चालत होता आणि कुठे बघावं त्याला कळत नव्हतं. मिरवणूक निघाली तेव्हा आजारी माणसं रस्त्यात ओळीने आडवी झाली, चित्र त्यांच्यावरून गेलं.

मी नास्तिक नाही आणि आस्तिकही नाही, मी इंजिनिअर आहे. देवळात वर चांदीचे नवस टांगलेले: पाय, डोळे, पाळणे, आणि जहाजं. त्यातल्या एका जहाजाच्या पोटाला चांदीचा मासा अडकलेला. वादळात तळाला भोक पडलं, धावा केला, मासा येऊन भोकात बसला आणि जहाज तरलं. याच्याखाली मी बराच वेळ उभा होतो. इंजिनरूममध्ये पाणी शिरतंय आणि लाकडाची पाचर, गोणपाट, चिंध्या, जे मिळेल ते भोकात कोंबतोय, ही रात्र मी एकदा काढलेली आहे. माशाचं काम आम्ही चौघांनी केलं होतं. फिटर रत्नागिरीचा होता.

बंदरात आणखी एक आठवण असते. १९४० साली याच दिवशी, सणासाठी नांगरलेल्या 'एल्ली' या ग्रीक युद्धनौकेवर इटालियन पाणबुडीने टॉर्पेडो मारला. तेव्हा दोघांत युद्ध सुरूही झालं नव्हतं. पुष्पचक्र पाण्यात सोडतात.

आजींनी माझ्यासाठी मेणबत्ती लावली. कशासाठी विचारलं, तर म्हणाल्या, स्तेर्नासाठी.

१४ सप्टेंबर. साउंडिंग: १००.०

चाचणी. गिलावा दोन महिने गोणपाटाखाली ओला ठेवला होता. नळाने मीटरभर भरलं, पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण.

२१ सप्टेंबर. साउंडिंग: ९९.६

सात दिवसांत चार मिलिमीटर. एवढं नवा गिलावाच पितो, मास्तोरासचं म्हणणं. हे पाणी चुन्याचं, पिण्याचं नाही, झाडांना दिलं. पुन्हा भरून पुन्हा सोडायचं.

ताईला व्हिडिओ कॉलवर टाकी दाखवली. "ह्या खड्ड्यासाठी इतक्या लांब गेलंस?" मग जरा थांबून, "आणि जेवतंस काय?" डाळ शिजत नाही हे सांगितलं नाही.

१९ ऑक्टोबर. वारा उत्तर ८-९. बोट नाही, दुसरा दिवस.

'कालो हिमोना', चांगला हिवाळा जावो. सप्टेंबरपासून जो तो हेच म्हणतोय आणि म्हणून निघून जातोय. उन्हाळ्यात गावात दीडशे माणूस होतं, आता पुन्हा एकवीस अधिक मी. खानावळ शनिवार-रविवारच उघडते. वारा वाढला की बंदर अधिकारी बोटींना मनाई करतात, अपागोरेफ्तिको. तो शब्द आला की दुकानातला पाव आणि दूध अर्ध्या तासात संपतं. मला उशिरा कळतं.

आजी दहा दिवसांपूर्वी अथेन्सला लेकीकडे डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या. टाकीत उतरायचं काम आता नाही, त्यामुळे अडलेलं काही नाही. गच्चीच्या भेगा चुन्याने भरल्या, दोन हात सफेदी दिली, पन्हळीला जाळी बसवली. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला नळीला झडप, ती चालते.

परवा दुपारी पन्हळ साफ करत होतो. मधेच मोठ्याने "झो" म्हणून गेलो. कोणी विचारलेलं नव्हतं. दिवसभर कोणाशी बोललो नव्हतो हे तेव्हा लक्षात आलं. आदल्या दिवशीही नाही. जहाजावर माणूस एकटा असतो असं लोकांना वाटतं, पण तिथे भिंतीपलीकडे सतत कोणीतरी खोकत असतं.

परवान्याचा कागद अजून आलेला नाही. अर्ज केल्याची पावती पाकिटात.

५ नोव्हेंबर

आजी परतल्या. एका डोळ्याला पट्टी. बसमधून उतरल्या उतरल्या विचारलं, पडला का? नाही, म्हटलं. मान वर करून.

१४ नोव्हेंबर. पहाटे सरी, ५ मि.मी.

पहिलं पाणी, झडप उघडी ठेवून बाहेर सोडलं. गच्चीवरची चार महिन्यांची धूळ, तपकिरी. साउंडिंग शून्य. सोडताना जीव तुटला, ३०० लिटर.

२२ नोव्हेंबर. वारा दक्षिण ७, मग शांत.

रात्री साडेअकराला सुरू झाला. कोकणासारखा कोसळत नाही, मोजून दिल्यासारखा पडतो, पण थांबला नाही. झडप बंद केली. नळीतून आधी हवा, मग खळखळ, मग टाकीत पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज. तो स्वयंपाकघरात जमिनीखालून येतो. झोप लागली नाही. दोनला मोजलं: ८. चारला: १९. सकाळी सातला पाऊस थांबला तेव्हा ३१ सेंटिमीटर. साधारण २,३०० लिटर. भिंतीला टॉर्च लावून पाहिलं, उत्तरेचा कोपरा सारखा, गुलाबी, भेग नाही. बांधाच्या पायथ्यातून मागचं पाणी दगडादगडांतून झिरपून बाहेर येत होतं, पोट जागच्या जागी.

साडेसातला कुंपणावर आजी, हातात बादली. नळाच्या पाण्यात छोले शिजत नाहीत, म्हणाल्या, चाळीस वर्षं शिजत नाहीत. ही टाकी चांगली होती तेव्हा घरमालकाची आई सगळ्या गल्लीला पाणी द्यायची. हे त्यांनी मार्चमध्ये का नाही सांगितलं, विचारलं. मार्चमध्ये तू विचारलंस कुठे, तुला फक्त वर बसायला कोणी हवं होतं.

बादली भरून दिली. मग कुकर लावला. तीन शिट्या. झाकण काढलं तर डाळ फुटलेली, पळीने घोटायचीही गरज नाही. हिंग, आमसूल घातलं. खोबरं मिळालं नाही. एक वाटी कुंपणावरून पलीकडे दिली. त्यांनी चव घेतली, आंबट का, विचारलं.

संध्याकाळचं साउंडिंग: ३०.५.
उद्या: जाळीतली पानं काढणे. झडपेला नवं वॉशर. दोन बादल्या विकत आणणे.